शून्य आलं तरच तुम्ही तुम्ही

'मोहर्ली' हे नाव 20 बाइटांत मावत नाही. युनिकोडच्या हिशेबानं त्यात सात चिन्हं आहेत: म, ओकार, ह, र, हलन्त, ल आणि दीर्घ ईकार. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट खातं. झाले 21. सी भाषेतल्या स्ट्रिंगच्या शेवटी शून्याचा एक बाइट लागतोच. झाले 22. आणि आमच्याकडच्या अभियांत्रिकी पोरांच्या वह्यांमध्ये गावाच्या नावासाठी वर्षानुवर्षं जागा राखली जाते ती 20 ची. 'चंद्रपूर' आणि 'गडचिरोली' यांना तर 25 लागतात. म्हणजे ताडोब्याच्या सगळ्यांत गजबजलेल्या फाटकाचं गाव आणि अख्खे दोन जिल्हे त्या वहीत बसत नाहीत. बळेच बसवले तर जास्तीचे बाइट शेजारच्या चलात सांडतात, आणि तिथं कुणाचं वय किंवा कुणाचा खातेक्रमांक असेल तर त्याचं जे व्हायचं ते होतं.

"सर, पण आपण तर इंग्रजीतच टाकतो ना," असं मला दरवर्षी ऐकवलं जातं. टाका. रोमन लिपीत मोहर्ली लिहिताना 'एच'नंतर कुणी 'ए' लिहितं, कुणी 'यू'. पाट्यांवर, सफारीच्या पावत्यांवर, रिसॉर्टांच्या जाहिरातींत दोन्ही सापडतात आणि जिप्सीवाल्याचं कुठंच अडत नाही. सी भाषेचं अडतं. स्ट्रिंगांची तुलना करणारं तिचं स्ट्रकम्प नावाचं फंक्शन डावीकडून एकेक बाइट बघत जातं. चौथ्या जागी एकीकडे 97 दिसतात, दुसरीकडे 117, आणि ते तिथंच थांबतं. उत्तर ऋण. शून्य आलं असतं तर दोन्ही नावं सारखी. शून्य आलं नाही, म्हणून ही दोन गावं.

यात स्ट्रकम्पचा काडीचा दोष नाही, हे आधीच सांगतो. डेनिस रिची यांनी 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्जमध्ये ही भाषा घडवली. तिच्या या फंक्शननं कधीही 'मी माणसं ओळखतो' असा दावा केलेला नाही. दोन बाइटमाळा तंतोतंत एक आहेत का, नसतील तर शब्दक्रमात आधी कुठली, एवढंच ते सांगतं आणि अचूक सांगतं. ज्यांनी हा प्रश्न माणसाच्या ओळखीच्या जागी नेऊन बसवला, माझं भांडण त्यांच्याशी आहे. मी चंद्रपुरात सी शिकवतो आणि मोहर्ली-आगरझरीकडच्या नातेवाइकांचे सरकारी अर्जही भरून देतो. त्यामुळे ही तुलनेची ओळ लिहिणारे माझ्यासमोर बसतात, आणि ती ज्यांच्यावर कोसळते तेही.

आधी लिहिणाऱ्यांकडे बघू.

आपल्याकडे सी शिकवली जाते ती बहुतेक ठिकाणी अजून त्या निळ्या पडद्यावर. टर्बो सी 1987 साली बाजारात आलं. आज ते डॉसबॉक्सच्या सलाइनवर जिवंत ठेवून त्यात क्लिअरस्क्रीन आणि गेटच घोकून घेतात. गेट्स नावाचं फंक्शन आलेला मजकूर कुठवर घ्यायचा याची मर्यादाच पाळत नाही. 1988 च्या मॉरिस वर्मनं ज्या भोकांतून इंटरनेटवरच्या हजारो यंत्रांमध्ये शिरकाव केला, त्यातलं एक हे होतं. 2011 च्या मानकातून ते हद्दपार झालं, पण आमच्या प्रात्यक्षिकांच्या जर्नलात ते सुखानं नांदतं आहे. परीक्षक त्याच्यावर लाल शाईनं बरोबरची खूण करतात.

मग येतो फाइल वाचायचा धडा. 'फाइलचा शेवट आला नाही तोवर वाच' अशी ओळ पोरं पाठ करतात, कारण ती मराठीत काय किंवा इंग्रजीत काय, वाचायला शहाणी वाटते. प्रत्यक्षात त्या ओळीतल्या एफईओएफ या फंक्शनला शेवट कळतो तो शेवटाच्या पलीकडं वाचायचा प्रयत्न फसल्यावर. तोवर चक्र आणखी एकदा फिरलेलं असतं आणि जुन्याच ओळीवर पुन्हा काम होतं. यादीतला शेवटचा माणूस दोनदा मोजला जातो. आता पहिला बघा. फाइल जुन्या नोटपॅडमधून यूटीएफ-8 म्हणून जपून ठेवली असेल तर तिच्या सुरुवातीला 3 अदृश्य बाइट बसलेले असतात. पहिल्या नावाला ते चिकटतात आणि ते नाव कशाशीच जुळत नाही. पहिला गायब, शेवटचा दोनदा. बेरीज मात्र बरोबर! म्हणून कुणाला संशयही येत नाही.

मधल्यांचं काय? एफगेट्सनं ओळ वाचली की ओळीच्या शेवटची 'नवी ओळ' ही खूण नावासकट आत येते. वहीतलं 'मोहर्ली' आणि फाइलीतलं 'मोहर्ली' ही मग एकसारखी राहत नाहीत. यादी विंडोजवर तयार होऊन लिनक्सच्या सर्व्हरवर वाचली तर आणखी एक न दिसणारं चिन्ह मागं उरतं. हे शेपूट कापायला एका ओळीचं काम आहे, पण ते पाठ्यपुस्तकात नसल्यानं कापलं जात नाही. एफगेट्सचा त्रास नको म्हणून कुणी एफस्कॅनएफ वापरलं तर ते पहिल्या मोकळ्या जागेशी थांबतं. महाराष्ट्रात माणसाला तीन नावं असतात: स्वतःचं, बापाचं किंवा नवऱ्याचं, आणि आडनाव. एफस्कॅनएफ पहिलं वाचून घरी जातं.

आणि कळस म्हणजे दोन स्ट्रिंगांची तुलना दुहेरी बरोबरच्या चिन्हानं करणारे. सीमध्ये ते चिन्ह अक्षरं बघतच नाही. दोन माळा स्मृतीत एकाच पत्त्यावर आहेत का, एवढंच बघतं. म्हणजे एकाच बापाचे दोन दाखले दोन टेबलांवर ठेवले तर बाप दोन. पोरांना हे सांगितलं की ती म्हणतात, "पण सर, जावात चालते." जावातही नेहमी चालत नाही, बाबांनो. तिथं ते कधी चालतं आणि कधी नाही हे माहीत नसणं, हाच तर रोग.

आता ही पोरं पास होतात. होऊ द्या. त्यांतली काही पुण्या-नागपुरात कंत्राटी कंपन्यांत लागतात आणि सरकारी पोर्टलांच्या मागचा कोड लिहितात. सीत नाही लिहीत, हे मला कळतं, कुणी पत्र पाठवून सांगू नये. भाषा बदलते, पण डोक्यात बसलेली तुलना तीच राहते. दोन नावं घ्या, बाइट ताडून बघा, सारखी तर पुढं, नाही तर लाल अक्षरात 'नाव जुळत नाही'.

त्या लाल अक्षरांपुढं कोण उभं असतं ते सांगतो. मोहर्लीत आणि पलीकडं गडचिरोलीपर्यंत मडावी आहेत, आत्राम आहेत, कुमरे, उईके, गेडाम आहेत. मडावी लिहिताना तलाठी 'व्ही' लिहितो, बँकेचा कारकून 'डब्ल्यू', आणि आधार काढणाऱ्या पोराला जे सुचेल ते. आत्रामांचा एक 'ए' की दोन, हे त्या दिवशीच्या घाईवर ठरतं. अर्जदारानं स्वतः यांतलं एक अक्षरही लिहिलेलं नसतं! त्याचं नाव त्याच्या तोंडात आहे, आणि ते त्यानं तिन्ही खिडक्यांवर एकच सांगितलेलं आहे. बायांचं तर विचारूच नका. लग्नाआधी बापाचं नाव, लग्नानंतर नवऱ्याचं, शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, पासबुकावर शेवटी, आणि एखाद्या हौशी लेखनिकानं मागं 'सौ.' जोडलेलं. माझ्या ओळखीतल्या एका म्हातारीनं खिडकीवर विचारलं होतं, "बाप्पा, मी तर मीच आहो ना जी?" खिडकीतला म्हणाला, "सिस्टम घेत नाही." सिस्टमनं घेतलं नाही म्हणजे जणू आभाळानं पाऊस दिला नाही. सिस्टममध्ये ती ओळ कुण्या माणसानं लिहिली आणि दुसऱ्या कुणी सही करून घेतली, हे त्या खिडकीतल्याला ठाऊक नाही आणि ठाऊक करून घ्यायचंही नाही.

यावर शहाणे सांगतात की मराठीत नोंदी ठेवा, प्रश्न मिटेल. कुठं मिटतो? 'वऱ्हाडे' हे आडनाव घ्या. त्यातला अर्धा र टंकायच्या दोन वाटा आहेत. एका वाटेनं नुक्त्याचा ऱ आणि हलन्त येतो, 6 बाइट. दुसरीनं साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह येतं, 9 बाइट. पडद्यावर दोन्ही हुबेहूब एक, छापलं तरी एक, भिंगाखाली धरलं तरी एक. स्ट्रकम्पला दोन वऱ्हाडे दिसतात. 'ॲ'चंही तेच. 2008 पासून युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र घर आहे, पण त्याआधीचे लोक अ वर चंद्र चढवत होते आणि अजूनही चढवतात. युनिकोडचं प्रमाणीकरण लावलं तरी या दोन्ही जोड्या एक होत नाहीत, त्यासाठी मराठी जाणणाऱ्या माणसानं वेगळा नियम लिहावा लागतो. असा माणूस कुठून आणायचा, असं विचाराल तर लांब जायला नको. युनिकोडचा देवनागरी तक्ता ज्या इस्की संकेतावर बेतला, त्या परंपरेत भारतीय लिपींसाठीच्या 'जिस्ट' तंत्रज्ञानाचं काम पुण्याच्या सी-डॅकमध्येच झालं आहे. ज्ञान घरात आहे, निविदेत नाही.

आता मोहर्लीच्या जंगलात चला. तिथं तुलना कशी होते ते बघण्यासारखं आहे.

वाघ मोजायला झाडांवर कॅमेरे लावतात. 2018 च्या देशव्यापी गणनेत 26,838 ठिकाणी कॅमेरे होते. 3 कोटी 48 लाखांवर छायाचित्रं निघाली, त्यांतली 76,651 वाघांची. यांतून वाघ एकेक करून ओळखायचे तर छायाचित्रं एकमेकांशी ताडायला हवीत. पिक्सेल पिक्सेलशी ताडलं असतं तर 76,651 वाघ निघाले असते आणि दिल्लीत पेढे वाटले गेले असते. पण डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेतली माणसं आमच्या पोर्टलवाल्यांसारखी नव्हती. एक्स्ट्रॅक्टकम्पेअर नावाचा प्रोग्राम वाघाच्या अंगाचा त्रिमितीय नमुना धरतो. वाघ वळला असेल, वाकला असेल, कॅमेरा तिरपा असेल, ते सगळं लक्षात घेऊन पट्टे त्या नमुन्यावर बसवतो आणि मगच दुसऱ्या पट्ट्यांशी ताडतो. उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं येत नाही, साम्याचा आकडा येतो. त्यानंतर माणूस डोळ्यांनी बघून खात्री करतो.

म्हणजे वाघ चिखलात लोळून आला तरी वाघ तोच. मडावींच्या 'व्ही'चा 'डब्ल्यू' झाला की मडावी संपले.

वाघाला ही सवलत मिळाली कारण त्याच्याकडून प्रतिज्ञापत्र घेता येत नाही. तुलना चुकली तर भार तुलना करणाऱ्यावर पडतो, हे तिथं सगळ्यांना मान्य होतं. माणसाच्या बाबतीत भार माणसावर ढकलता येतो, म्हणून प्रोग्राम सुधारायची कुणाला गरजच पडली नाही. माझा सगळा राग या एका गोष्टीवर आहे. बाकीचं तांत्रिक आहे आणि एका आठवड्यात दुरुस्त होण्यासारखं आहे.

"पण अचूक तुलना नाही केली तर बोगस लोक घुसतील." हा युक्तिवाद मी इतक्यांदा ऐकला आहे की आता तो सुरू झाला की मी चहा मागवतो. अहो, अर्जात आधारचा 12 आकडी क्रमांक आहे, बोटाचा ठसा आहे, मोबाइलवर ओटीपी आहे. क्रमांक अचूकच जुळला पाहिजे, त्यात एका आकड्याची सूट नको. नाव हा त्यावरचा दुसरा पहारा आहे. क्रमांक जुळला, ठसा जुळला, आणि नावात 'ए' एक की दोन म्हणून हाकलायचं, याला सुरक्षा म्हणत नाहीत. आणि गंमत अशी की खुद्द आधारच्या पडताळणीच्या तांत्रिक तपशिलात नावासाठी 'अचूक' आणि 'अंशतः' अशा दोन्ही तुलना दिलेल्या आहेत. किती टक्के जुळलं म्हणजे पुरे, हे मागणाऱ्यानं सांगायचं. अंशतः तुलनेत शब्दांचा क्रम बदललेलाही चालतो, म्हणजे आडनाव आधी लिहायची आपली सवय त्यांनी विचारात घेतलेली होती. काहीच सांगितलं नाही तर मात्र 'अचूक' धरलं जातं. आता ओळखा, आमचे कंत्राटदार काय सांगतात. काहीच नाही.

अचूकतेचं हे वेड कुणाच्या अंगावर जातं, हे अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यानं दाखवून दिलं आहे. 2017 च्या तिथल्या कायद्यानं मतदार नोंदणीच्या अर्जावरचं नाव वाहन परवान्याच्या किंवा सामाजिक सुरक्षेच्या नोंदीशी तंतोतंत जुळायला हवं होतं. एखादी जोडरेघ राहिली तरी अर्ज अडकायचा. 2018 च्या निवडणुकीआधी असे सुमारे 53,000 अर्ज पडून होते आणि त्यांतले 70 टक्क्यांच्या आसपास कृष्णवर्णीयांचे होते. यंत्र सगळ्यांना सारखंच वागवत होतं हो! फक्त ज्यांची नावं कारकुनांच्या ओळखीची नव्हती, त्यांचीच नावं कारकुनांनी जास्त चुकवली होती. मडावींना हे समजावून सांगायला नको.

घरचं उदाहरण हवं तर 2017 ची कर्जमाफी आठवा. जूनमध्ये घोषणा, मग ऑनलाइन अर्ज, आधार, अंगठे, नवरा-बायको दोघांनीही केंद्रावर हजर. दिवाळीच्या तोंडावर वाजतगाजत प्रमाणपत्रं वाटली, आणि याद्या बँकांत पोचल्यावर एकाच आधार क्रमांकापुढं अनेक शेतकरी निघाले. म्हणजे जिथं खरोखर अचूकता पाळायची, त्या आकड्यांच्या रकान्यात ढिलाई, आणि जिथं सैल सोडायचं, त्या नावाच्या रकान्यात लष्करी शिस्त.

उपाय आयते मिळत नाहीत, हेही मान्य करतो. साउंडेक्स ही उच्चारावरून नावं जुळवायची पद्धत अमेरिकेत 1918 साली पेटंट झाली. तिच्यातून मोहर्लीची दोन्ही रूपं काढली तर दोघांनाही एम-640 मिळतं. वा! आत्राम एका 'ए'चे आणि दोन 'ए'चे, दोघेही ए-365. पण मडावी 'व्ही'वाले एम-310 आणि 'डब्ल्यू'वाले एम-300, कारण इंग्रजी कानाला 'डब्ल्यू' जवळजवळ ऐकूच येत नाही. लेव्हेन्श्टाइन यांनी 1965 साली मांडलेलं अंतर लावलं तर दोन्ही मडावी एका अक्षराच्या अंतरावर येतात, पण सीता आणि गीता याही एकाच अक्षराच्या अंतरावर आहेत आणि त्या दोन वेगळ्या बाया आहेत. म्हणून मराठी नावांच्या रोमन रूपांसाठी आपला तक्ता हवा: 'व्ही' आणि 'डब्ल्यू' एक, एक 'ए' आणि दोन 'ए' एक, 'आय' आणि दोन 'ई' एक, 'एस' आणि 'एसएच' शंकास्पद, स आणि ग कदापि एक नाहीत. हा तक्ता माझे दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी एका दुपारी करतात. केला आहे. मागायला कुणी आलं नाही.

त्याऐवजी आपल्याकडं प्रतिज्ञापत्र आहे. 'वरील दोन्ही नावांची व्यक्ती एकच असून ती मीच आहे.' शासकीय कार्यालयात द्यायच्या अशा प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक शुल्क 2004 पासून माफ आहे. तरी स्टॅम्पपेपर मागतात, आणि ऑक्टोबर 2024 पासून 100 चा कागद गेला, 500 चा आला. सातबाऱ्यात लेखनिकाची चूक असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली दुरुस्ती होते. तिथं कायदा निदान चूक लेखनिकाची म्हणतो, पण फेऱ्या खातेदारानंच मारायच्या. नाव बदलायचं तर राजपत्रात जाहिरात. ज्यानं आयुष्यात नाव बदललं नाही, त्यानं सरकारी राजपत्रात छापून आणायचं की मी नाव बदललं. आणि हे सगळं कुठून, तर मोहर्लीहून. तालुका भद्रावती, बाजार चंद्रपूर, वाटेत जंगल, संध्याकाळनंतर त्या रस्त्यावर दुचाकी घालायची हिंमत नाही.

एका कंत्राटी कंपनीतल्या पोराला, माझ्याच जुन्या विद्यार्थ्याला, मी विचारलं, तुलना अशी का लिहिलीस? "सर, स्पेकमध्ये तसंच होतं." दाखव म्हटलं. त्यानं दाखवलं. दोन शब्द होते: नाव जुळावे. किती जुळावे, कशाशी जुळावे, न जुळल्यास कुणी बघावे, काही नाही. त्यावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याला हे शब्द पुरेसे वाटले आणि माझ्या विद्यार्थ्यालाही. दोघंही पदवीधर.

तर माझी मागणी साधी आहे. 'नाव जुळत नाही' एवढं सांगून अर्ज परत करायचा नाही. कुठल्या दोन नोंदी ताडल्या, कितव्या अक्षराशी गाडी अडली, एकीकडं काय होतं आणि दुसरीकडं काय, हे मराठीत छापून द्यायचं. क्रमांक आणि ठसा जुळत असताना केवळ नावावर अडलेला अर्ज फेटाळायचा नाही. तो माणसाच्या टेबलावर जाईल आणि तो माणूस सहीनिशी ठरवेल. चूक कार्यालयाच्या नोंदीत निघाली तर दुरुस्ती कार्यालयानं करायची. ज्या कार्यालयाला हे जमत नसेल त्यानं स्टॅम्पपेपरचे 500, चंद्रपूरचं जाऊन-येऊन एसटीचं तिकीट आणि बुडालेली रोजी अर्जदाराच्या खात्यात जमा करावी. खात्यावरचं नाव जुळलं तर.